वर पडणारं पाणी

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम आमच्या घरात माझं. मे महिन्यातल्या एका सकाळी पाण्याचा पांढरा कॅन घेऊन मी पडवीत बसलो होतो. शेजारी नात, मुक्ता. डोंबिवलीहून सुट्टीला मंडणगडात आलेली, पाचवी संपवून सहावीत जाणारी आणि दिसेल ते मोठ्याने वाचणारी. कॅनवरचं तिने वाचलं, "डिस्टिल्ड वॉटर." मग म्हणाली, "आबा, विकतचं पाणी कशाला? आपल्या विहिरीला आहे की!"

मी सांगितलं, विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात चुन्याचे, लोखंडाचे, कसले ना कसले क्षार विरघळलेले असतात. ते बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांवर बसतात, बॅटरी लवकर मरते. हे पाणी डिस्टिल केलेलं आहे, त्यात पाण्याशिवाय काही नाही.

"म्हणजे डिस्टिल म्हणजे स्वच्छ करणं."

"तेवढंच नाही. त्या शब्दाला पोट आहे. आज संकष्टी आहे ना? संध्याकाळी आजी मोदक उकडेल तेव्हा सांगतो."

संध्याकाळी ती विसरली नाही. आजीने मोदकपात्रात पाणी घातलं, जाळीवर केळीचं पान ठेवलं आणि झाकणाला आतून पांढरं फडकं बांधायला घेतलं. मुक्ताने विचारलं, "आजी, तू झाकणाला फडकं का बांधतेस?"

"वरचं पाणी मोदकांवर पडतं बाई. पडलं की उकड चिकट होते, पाकळ्या बसतात."

"वरचं पाणी? पाणी तर तू खाली घातलंस!"

आजीने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न माझ्या वाटणीचा आहे हे तिने ओळखलं.

मी दुसऱ्या शेगडीवर एक छोटं पातेलं ठेवलं. त्यात पाणी, चमचाभर मीठ आणि रंग यावा म्हणून चिमूटभर हळद. वर स्टीलची थंड ताटली. पाणी उकळू लागल्यावर थोड्या वेळाने चिमट्याने ताटली उचलली आणि तिरकी धरून तिला दाखवली. आतली बाजू आधी नुसती धुरकट दिसत होती. नीट पाहिलं तर ती धुरकट नव्हती, मोहरीहून बारीक थेंबांनी भरलेली होती. आमच्यादेखत दोन थेंब एकमेकांना भिडले आणि त्यांचा एक झाला. तो जड होऊन घरंगळला, वाटेतले आणखी पाच-सहा पोटात घेतले आणि ताटलीच्या काठावर येऊन लोंबकळत थांबला. मी खाली चमचा धरला. टप्.

"रंग बघ."

रंग नव्हता. पातेल्यातलं पाणी पिवळंधमक होतं आणि चमच्यातलं स्वच्छ काचेसारखं. तिने जिभेला लावलं. खारटही नव्हतं. हळद खाली राहिली होती, मीठ खाली राहिलं होतं, पाणी तेवढं निसटलं होतं.

ती पुन्हा ताटली धरायला हात पुढे करू लागली तेव्हा मी तिचा हात मागे घेतला. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. पण त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. ही सगळी उष्णता वाफ पोटात घेऊन वर जाते आणि थंड जागा भेटली की तिथे टाकून पुन्हा पाणी होते. ती थंड जागा आपला हात असला, तर सगळी त्यावर टाकते. ही ५४० कॅलरींची गोष्ट लक्षात ठेव म्हटलं, ती पुढे ढगात लागणार आहे.

मोदक झाले. चंद्र उगवायला अवकाश होता. आम्ही खळ्यात चटई टाकून बसलो आणि मी तिला शब्दाची गोष्ट सांगितली.

लॅटिन भाषेत थेंबाला 'स्टिला' म्हणतात. 'डे' म्हणजे खाली. 'डेस्टिलारे' म्हणजे थेंब थेंब खाली ठिबकणं. त्यावरून फ्रेंचांच्या वाटेने इंग्रजांकडे 'डिस्टिल' आला. जुन्या इंग्रजीत दव डिस्टिल व्हायचं, डोळ्यांतलं पाणी डिस्टिल व्हायचं. मूळ शब्दात शुद्धीचं नावही नाही, नुसतं ठिबकणं आहे. किमयागारांनी नळीच्या टोकाशी वाटी ठेवून ते ठिबकणं गोळा करायला घेतलं, तेव्हा त्याला शुद्ध करण्याचा अर्थ चिकटला. पुढे सार काढणं हाही अर्थ आला. शंभर पानांचं म्हणणं कुणी चार ओळींत आणलं तर इंग्रज म्हणतो, त्याने ते डिस्टिल केलं. 'इन्स्टिल' हा त्याचाच भाऊ: थेंब थेंब आत सोडणं. आईबाप मुलांच्या मनात चांगल्या सवयी सोडतात ना, तसं.

"आणि मराठीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, तूच सांग. छपरातून पाणी येतं तेव्हा छप्पर काय करतं? गळतं. शेतकरी घाम काय करतो? गाळतो. रडणारा अश्रू काय करतो? गाळतो. आजी हंड्यावर फडकं धरून पाणी काय करते? गाळते. आणि रानात चोरून भट्टी लावणारे दारूचं काय करतात?

"गाळतात," ती म्हणाली आणि चटईवर उठून बसली.

मला हा आपला शब्द फार प्रिय आहे. गळणं म्हणजे थेंब थेंब पडणं. संस्कृतातल्या 'गल्' धातूचाही तोच अर्थ. गाळणं म्हणजे थेंब थेंब पडायला लावणं. लॅटिन बोलणाऱ्यांनी जे पाहिलं, नेमकं तेच आपल्या माणसांनी पाहिलं होतं, आणि कुणी कुणाकडून उसनं घेतलं नव्हतं. इंग्रजांना फडक्यातून गाळायला वेगळा शब्द लागतो. त्यांचा 'फिल्टर' आला लोकर कुटून केलेल्या जाड नमद्यावरून, कारण पूर्वी त्यातून काढे गाळत. आपण दोन्हींना गाळणंच म्हणतो. त्यामुळे थोडा घोटाळाही होतो, पण तो दुसऱ्या दिवशीच्या वाट्याचा होता.

मग अरबांची पाळी. अरबी भाषेत 'अरक' म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याला आतून फुटलेले थेंब पाहून त्यांना वाटलं, भांड्याला घाम आला. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क, त्यातला अर्क तो हा. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस पहिल्यांदा भट्टीवर चढवून जे निघतं ते उर्राक, त्या नावातही तोच घाम आहे. त्याची पुढची धार म्हणजे फेणी, ती नाव सांगते फेसाचं. २००९ साली गोव्याच्या काजू-फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. कनौजचे अत्तरवाले गुलाब ज्या तांब्याच्या डेगीत उकळतात, तिची वाफ बांबूच्या नळीतून ज्या भांड्यात उतरते त्याला म्हणतात भपका. भाफेवरून भपका. आपल्याकडे वासाचा भपकारा येतो, तोही त्याच घरचा.

"आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला बाई म्हणतात, 'अर्क आहेस नुसता!'"

"बरोबर म्हणतात. वात्रटपणा आटवून आटवून जे उरलं, ते तो."

पण अर्क या शब्दाची खरी गंमत पुढेच आहे. मराठीत दुसराही एक अर्क आहे, संस्कृतातून आलेला. त्याचा अर्थ सूर्य. कोणार्कच्या मंदिराच्या नावात जो बसला आहे, तो. या दोघांचं काहीही नातं नाही. एक अरबी वाळवंटातून आला, दुसरा वेदांतून, आणि दोघे मराठीत येऊन एकाच अक्षरांत राहिले. तरी मला त्या योगायोगाचा आनंद होतो, कारण जगातली सगळ्यात मोठी भट्टी सूर्याचीच आहे आणि तिचा अर्क आपण रोज पितो.

आता शाळेचा शब्द. डिस्टिल करण्याला आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात म्हणतात ऊर्ध्वपातन. ऊर्ध्व म्हणजे वर. पातन म्हणजे पाडणं.

मुक्ता थांबली. "वर पाडणं? वर कसं पडेल काही?"

हा प्रश्न मीही माझ्या मास्तरांना विचारला होता. शब्द जुना आहे, रसशास्त्रवाल्यांचा. पारा शुद्ध करण्याच्या त्यांच्या तीन रीती होत्या: ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन, म्हणजे वर पाडणं, खाली पाडणं आणि आडवं पाडणं. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात तिर्यक्पातनाचं यंत्र सांगितलं आहे. एका मडक्याच्या गळ्यातून नळी निघते, दुसऱ्या मडक्याच्या पोटात शिरते. पहिल्याखाली जाळ, दुसरं गार पाण्यात. आज आपण ज्याला डिस्टिल करणं म्हणतो, त्याला खरं तर हाच आडवा शब्द जास्त शोभला असता. पण पुस्तकात वरचा गेला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ताटलीवरचा थेंब आठव. तो पडण्याआधी चढला होता. लॅटिनवाल्यांनी त्याचं उतरणं पाहून नाव ठेवलं, आपल्या वैद्यांनी चढणं पाहून.

तेवढ्यात डोंगरामागून चंद्र आला आणि विज्ञान मोदकांपुढे थांबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळासला गेलो. नाना फडणविसांचं हे गाव, आता सगळ्यांना माहीत झालंय ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. पिल्लं समुद्रात जायचा हंगाम सरला होता, किनारा मोकळा होता. येताना बाणकोटच्या किल्ल्यावर थांबलो. खाली सावित्री समुद्राला मिळते, समोर हरिहरेश्वरचा डोंगर. मुक्ताला सांगितलं, १७५६ च्या तहाने हा किल्ला इंग्रजांकडे राहिला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. पेशवाई बुडायच्या साठ वर्षं आधीपासून या कोपऱ्यात इंग्रजी बोलणारी माणसं होती. दारूच्या पिंपांच्या हिशेबात का होईना, डिस्टिल हा शब्द त्यांच्याबरोबर इथे उतरला असेल, असं मला आपलं वाटतं.

वेळासहून दोन बाटल्या समुद्राचं पाणी आणलं होतं. वाळूने गढूळ. घरी आल्यावर मुक्ताने कालच्या शब्दावर विश्वास ठेवून आजीचं चौपदरी फडकं घेतलं आणि पाणी गाळलं. वाळू फडक्यात राहिली. चाखलं, खारट. मग तुरटी फिरवली. तासाभराने बारीक गाळ तळाशी बसला, पाणी निवळलं, इतकं की बाटलीपलीकडचं कॅलेंडर वाचता येईना तरी चित्र दिसत होतं. पुन्हा चाखलं, तेवढंच खारट.

"आबा, हे तर स्वच्छ झालं!"

"दिसायला झालं. फडकं अडवतं ते जे पाण्यात तरंगतंय. मीठ तरंगत नाही, ते पाण्यात मिसळून पाण्यासारखंच झालंय." एक लिटर समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात तेव्हा या पस्तिसातला थोडासाच भाग त्यांत शिरलेला असतो, तरी चहा फाटतो. दोन्ही क्रियांना आपण एकाच शब्दाने हाक मारतो, पण फडक्याचं गाळणं इथे संपतं आणि भट्टीचं इथून सुरू होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही खळ्यात भट्टी लावली, जाळ न लावता. जुनं काळं घमेलं, त्यात समुद्राचं पाणी, मधोमध स्टीलची रिकामी वाटी. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून सुतळीने काठाभोवती आवळला आणि बरोबर वाटीच्या वर एक गोटा ठेवला, म्हणजे कागद मध्ये खोलगट होतो आणि त्यावरचे थेंब तिथेच जमतात. दहापर्यंत कागद आतून धुरकटला. अकराला दाणे दिसू लागले. मुक्ता दर पाच मिनिटांनी जाऊन गुडघ्यांवर बसायची. बाराच्या सुमाराला तिने ओरडून सांगितलं, "पहिला गळला!"

पाणी उकळलं नव्हतं, मग वर कसं गेलं, हे तिने विचारलंच. पाण्यात सगळे रेणू सारख्या वेगाने पळत नाहीत. जत्रेतल्या गर्दीसारखं आहे ते: काही रेंगाळतात, काही धावतात. पृष्ठभागाजवळचा एखादा धावरा शेजाऱ्यांचा हात सोडवून हवेत निसटतो. धावरे गेले की मागे संथ उरतात, म्हणून पाणी गार होतं. माठाचं थंड होणं ते हेच. ऊन त्या संथांना पुन्हा पळवत राहतं. आणि मिठाचे कण? ते विजेच्या भाराचे असतात, पाण्याने त्यांना चहूकडून घट्ट धरलेलं असतं. मीठ नुसतं वितळायला ८०१ अंश लागतात, उकळायला चौदाशेच्या वर. खळ्यातल्या उन्हात ते जागचं हलत नाही. मिठागरवाले हेच करतात, फक्त उलट्या हावेने: ते वाफ जाऊ देतात आणि मीठ ठेवून घेतात.

दुपारी जेवून आल्यावर तिला दर्यावर्दींची गोष्ट सांगितली. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले ग्रीक लेखक लिहून गेलेत की खलाशी जहाजावर समुद्राचं पाणी कढईत उकळत आणि तिच्या तोंडावर स्पंज टांगून ठेवत. स्पंज वाफ पिऊन भिजला की पिळून पीत. आजीचं मोदकपात्राचं फडकंच ते! आजीला हे सांगितलं तेव्हा तिने फडकं पिळून वाटीत पाणी काढून दाखवलं. त्याच्याही आधी अॅरिस्टॉटलने लिहिलं होतं की समुद्राची वाफ गोडी असते आणि ती थंड झाल्यावर पुन्हा समुद्र होत नाही.

आणि हे सगळं छोटं. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली १९७४ साली तेल सापडलं, ते काळं तेल असंच तापवून त्याच्या वाफा उंच मनोऱ्यात वेगवेगळ्या मजल्यांवर थंड करतात. मग एका मजल्यावर पेट्रोल, दुसऱ्यावर रॉकेल, तिसऱ्यावर डिझेल. मुक्ता डोंबिवलीहून आली ती एसटीसुद्धा गाळलेल्याच इंधनावर.

पण मला तिला मोठं घमेलं दाखवायचं होतं. तिला म्हटलं, काल किल्ल्यावरून जो समुद्र पाहिलास, तो घमेल्यातलं पाणी. अर्क म्हणजे सूर्य वर आहेच. दर वर्षी जगातल्या समुद्रांवरून चार लाख घनकिलोमीटरांहून जास्त पाणी असं न उकळता वर जातं. मीठ एवढंसंही नेत नाही म्हटलं तरी चालेल. लाटांच्या तुषारांतून थोडे कण उडतात तेवढेच, आणि त्यांच्याभोवतीच कित्येकदा ढगाचा थेंब धरतो. एखादा रेणू वर गेला की सरासरी नऊ-दहा दिवस हवेत राहतो. जूनमध्ये वारा हा सगळा घाम आपल्याकडे ढकलतो आणि सह्याद्रीची भिंत आडवी येते. वाफ चढते, थंड होते, ढग होतो. त्या वेळी ती वाफ काय करते? मी चटका बसू न दिलेला हात तिने वर केला. "उष्णता टाकते!" टाकते. समुद्रावर घेतलेली सगळी. म्हणून ढगातली हवा आणखी गरम होऊन आणखी वर उसळते, खालून नवी ओली हवा ओढते आणि पाऊस दिवसेंदिवस चालू राहतो. मोदकपात्रातली ५४० कॅलरींची चूल ढगाच्या पोटात पेटलेली असते.

भिंतीच्या माथ्यावर महाबळेश्वर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथेच पंचगंगेच्या देवळाशी सावित्री निघते. मग ती पोलादपूर, महाड करत पुन्हा आपल्या बाणकोटला येते. वेळाससमोरचं पाणी वर पडतं, आणि सावित्रीतून खाली पडत घरी येतं. शब्दाचे दोन्ही अर्धे भाग आमच्या तालुक्याच्या कडेने वाहतात.

पाच वाजता ऊन कललं. सुतळी सोडली, गोटा उचलला, कागद हलक्या हाताने काढला. आठ तासांच्या कष्टाने अर्धी वाटी पाणी जमलं होतं. मुक्ताने दोन्ही हातांनी वाटी उचलली, आधी मला दिली. मी एक घोट घेतला आणि परत दिली. ती डोळे मिटून प्याली.

"आबा," ती जरा हिरमुसून म्हणाली, "याला चवच नाही."

नसणारच. आपल्या विहिरीला चव आहे ती जांभ्याची, मातीची. पाऊस पडतो तेव्हा तो या वाटीसारखाच असतो. जांभ्याच्या भोकाभोकांतून झिरपताना तो वाटेतले क्षार उचलतो आणि मग आपल्याला गोड लागतो. म्हणून रहाटाच्या पाण्याला गोडं म्हणतात, साखर नसताना.

"मग पावसाची चव पण अशीच लागेल?"

"तूच बघ."

"मी कशी बघणार? पाऊस यायच्या आधी मला जायचंय." शाळा जूनमध्ये उघडणार होती. जाताना एसटीत बसल्यावर खिडकीतून तिने मला बजावलं, वाटी खळ्यात ठेवायची, पन्हळीखाली नाही, उघड्यावर. आणि मला फोन करायचा.

पाऊस आला, पण मी पहिल्या दिवशी फोन केला नाही. पहिल्या सरी महिनाभर हवेत उडालेली धूळ धुऊन आणतात. दोन दिवस लागोपाठ कोसळू दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे तीच स्टीलची वाटी घासून खळ्याच्या मधोमध, गोटे लावून ठेवली. आजी पडवीतून म्हणाली, भिजाल. भिजलो. वाटी भरल्यावर पडवीत येऊन अर्धी मी प्यालो, अर्धी आजीला दिली. मग फोन लावला. ती शाळेच्या गणवेशात असावी, मागे रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

"आबा, लागली का चव?"

"नाही ग, अजिबात नाही."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगून तिने आजीलाही फोनवर बोलावलं.